सुरगाठ

यंदा पंधरा ऑगस्ट सतरा तारखेला आला.
गुरुवारी सगळ्यांच्या ड्यूट्या,
शुक्रवारी हॉल कुणाच्या तरी साठीच्या पार्टीला दिलेला,
म्हणून स्वातंत्र्य शनिवारी, साडेदहा ते एक,
खुर्च्या उचलून ठेवायचा अर्धा तास त्यातच धरून.

ग्रिम्सबी. मासळीच्या धक्क्यामागचा हॉल.
गाड्या लावायच्या जागेत एक खांब,
त्याच्या टोकावर जुन्या भाडेकरूसारखा सीगल.
आम्ही एकतीस माणसं. त्यात दोन तान्ही,
एक नायजेरियन जावई,
आणि कुर्त्यावर रेनकोट चढवलेले डॉक्टर हर्डीकर,
ज्यांना, भाषण दोनच मिनिटं हं, असं तिघांनी वेगवेगळं बजावलेलं.

झेंडा मी बांधला.
मला येतो, असं मीच बैठकीत बोलून गेले होते.
पाकळ्या सुपरमार्केटातल्या कार्नेशनच्या;
झेंडू आहे माझ्या कुंडीत, पण तो तोडवत नाही.
घडी लांबट घातली, मग आडवी,
मग दोरीचा वेढा.
पुढचं बोटांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

मेहकर. जिल्हा परिषदेची शाळा.
खडूच्या भुकटीने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट,
प्रभातफेरीत ओरडून बसलेला घसा,
आणि खांबाखाली उकिडवे बसलेले माझे बापू.
शाळेचे शिपाई.
वर्षातून दोनच दिवस
हेडमास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.
"गाठ अशी मार बाई,
का वाऱ्यानं सुटू नये, अन् हातानं अडू नये."

शहाऐंशी साली अडली.
सभापतींनी ओढलं. पुन्हा ओढलं.
बँड दोनदा सुरू होऊन दोनदा गप्प झाला.
मग बापू चढले, इस्त्रीच्या खाकीत,
आणि अर्ध्यावर पँट उसवली, टर्रकन.
पाचशे पोरं हसली.
सहावीच्या रांगेत पहिली मी.
मीही.

संध्याकाळी आई ती पँट शिवत बसली.
बापूंनी पुड्यातली त्यांच्या वाट्याची जिलबी
माझ्याकडे सरकवली.
मी खाल्ली. गोड होती.

हर्डीकरांनी दोरी ओढली.
काही नाही.
पुन्हा.
सीगल उठून पलीकडच्या दिव्यावर बसला.
स्पीकर आपणहून म्हणाला, "कनेक्टेड."
माझ्या कानशिलात मेहकरचा बँड.

मग हॉलचे राखणदार ब्लँचर्ड शिडी घेऊन आले.
बहात्तरीचे; पोरवयात आइसलँडच्या पाण्यात ट्रॉलरवर,
डाव्या अंगठ्याचं एक पेर तिकडेच राहिलेलं.
चढले. गाठ खालून-वरून पाहिली,
लग्नात जुनी ओळख निघावी तशी.
उरलेल्या अंगठ्याने एकच दाब,
आणि सगळ्या पाकळ्या त्यांच्याच टकलावर.

कुणी हसलं नाही.
मी एकेकाचं तोंड बघितलं,
लेकीचं सगळ्यात शेवटी.
तिचं तोंड दिसलंच नाही; ती शिडी धरून उभी होती.

राष्ट्रगीत आम्ही स्पीकरच्या अर्धी ओळ आधी संपवलं.

कागदी बशीतली जिलबी घेताना ब्लँचर्डनी विचारलं,
हे स्वातंत्र्य तुम्हाला कुणापासून मिळालं?
मी गप्प.
त्यांचेच कान हळूहळू लाल होत गेले.
"सॉरी हं," म्हणाले,
ट्रॉली चुकून कुणाच्या पायावरून गेल्यासारखं.
आणि अजून एक जिलबी उचलली.

गाठ चांगली होती, म्हणाले, फक्त दोरी भिजून फुगली.
कुणी शिकवली?
वडिलांनी. शाळेत होते.
मास्तर?
हो, म्हटलं.

खुर्च्या उचलल्या. जमीन पुसली.
एक वाजून गेला.
ते शिडी खांद्यावर टाकून मागच्या दाराने निघाले,
तेव्हा पळत जाऊन गाठलं त्यांना.
शिपाई, म्हटलं. माझे वडील शिपाई होते.
झेंडा तेच बांधायचे.